तेलाने माखलेली काळी माती : 'मर्यादेच्या आत' म्हणजे नक्की कोणाच्या मर्यादेच्या?

रेगूर (धागाकर्ता)
मोईकडे आमची अकरा गुंठे जमीन आहे. चाकणला कारखाने वाढले तशी ट्रक उभे करायला जागेची मागणी आली आणि बाबांनी ती नऊ वर्षं भाड्याने दिली. दिवाळीनंतर जागा परत ताब्यात आली. बाबांना तिथे पुन्हा ज्वारी करायची आहे, ते नाही जमलं तर निदान घरापुरती मेथी-कोथिंबीर.

जागेचा पूर्वेकडचा दीड गुंठ्याचा कोपरा म्हणजे ट्रकचं ऑइल बदलायची जागा. जमीन सगळीच काळी, पण तिथला काळा वेगळाच आहे, मेणचट. ढेकूळ फोडलं की गॅरेजमध्ये उभं राहिल्यासारखा वास येतो. ती माती ताटलीत पसरून वर पाण्याचा थेंब सोडला तर तो अळवाच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहतो. मी घड्याळ लावून बघितलं, चार मिनिटांनीही जिरला नव्हता. बांधाकडच्या मातीत तोच थेंब टेकला की गेला. त्या कोपऱ्यात दोनदा मेथी टाकली. उगवली, दोन पानांवर आली आणि पिवळी पडून बसली.

म्हणून माती तपासून घेतली. अहवालात एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, म्हणजे टीपीएच, किलोला ३,४०० मिलिग्रॅम आलं. ज्यांनी अहवाल समजावून सांगितला ते म्हणाले, "नेदरलँड्सची मर्यादा ५,००० आहे. तुम्ही आत आहात. काही करायची गरज नाही."

बाबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "मेथीला कोणी सांगितलं नाही वाटतं मर्यादा."

माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. किती तेल म्हणजे जास्त, हे कशावरून ठरतं? हजारो मैलांवरच्या मातीसाठी ठरवलेला आकडा मोईच्या मातीला लावायचा, की इथल्याच मातीतल्या जिवांना विचारायचं? दुसरा रस्ता असेल तर तो घरच्या घरी किंवा एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कितपत जमेल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

सायली_मृदा
रेगूरदादा, मी मृदाशास्त्र शिकले आहे, म्हणून आधी त्या ५,००० बद्दल लिहिते, कारण तुम्हाला अर्धवट माहिती दिली गेली आहे.

खनिज तेलासाठी डच पद्धतीत दोन आकडे आहेत. ५० हे पूर्वीच्या परिपत्रकांतलं लक्ष्य होतं, म्हणजे माती जवळपास निर्मळ. ५,००० ही हस्तक्षेपाची पातळी, म्हणजे इथून पुढे गंभीर दूषितता धरून काहीतरी करायलाच हवं. पण हे आकडे 'प्रमाण माती'साठी आहेत. त्या मातीत १० टक्के सेंद्रिय पदार्थ आणि २५ टक्के चिकणमाती धरलेली असते. सेंद्रिय पदार्थ तेलाला धरून ठेवतात, त्यामुळे ते जास्त असतील तर मुळांना आणि जिवाणूंना तेलाची झळ कमी लागते. म्हणून प्रत्यक्ष मातीसाठी आकडा सुधारून घ्यायचा असतो. मातीतल्या सेंद्रिय पदार्थांच्या टक्क्यांना १० ने भागायचं आणि त्याने मर्यादेला गुणायचं. टक्केवारी २ पेक्षा कमी आली तर २ धरायची.

आता आपल्याकडचं बघा. सेंद्रिय कर्ब ०.६ टक्के आला तरी आपण बरा म्हणतो. त्याला १.७२ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ जेमतेम १ टक्का. म्हणजे २ धरायचे. ५,००० गुणिले २ भागिले १०, उत्तर १,०००. ज्या नियमाचा दाखला देऊन तुम्हाला 'आत आहात' म्हणाले, त्याच नियमाने तुम्ही तिपटीहून जास्त बाहेर आहात.

तुमच्या अहवालात सेंद्रिय कर्ब दिलाय का? नसेल तर आधी तो करून घ्या.

टेकडीकर
सायलीताई, हे गणित पहिल्यांदाच कळलं, धन्यवाद. पण एक शंका. मी आयुष्यभर कारखान्यांच्या तपासण्यांचं काम केलंय. नियम राबवणाऱ्या माणसाला एकच आकडा लागतो. 'गांडुळाला विचारा, मुळाला विचारा' असं म्हटलं की समोरचा वकील लगेच म्हणणार, कुठलं गांडूळ, कोणाचं मूळ? आकडा कोर्टात टिकतो. जैविक निर्देशक तिथे टिकतील का?

सायली_मृदा
काका, आकडा हवाच. तो काढायचा कशातून, एवढाच मुद्दा आहे.

रशियात रोस्तोव-ऑन-डॉन इथल्या दक्षिण संघीय विद्यापीठातल्या मृदाशास्त्रज्ञांनी यावर बरीच वर्षं काम केलंय आणि त्यांची पद्धत मला पटते. ते स्वच्छ मातीत तेलाचे वाढते डोस मिसळतात आणि प्रत्येक डोसला मातीचं जिवंतपण मोजतात. कॅटालेज आणि डिहायड्रोजनेज ही दोन विकरं (एन्झाइम), जिवाणूंची एकूण संख्या, अ‍ॅझोटोबॅक्टर हा नत्र धरणारा जिवाणू किती ढेकळांभोवती वाढतो ते, आणि मुळ्याच्या रोपाची मुळं. प्रत्येक मोजमाप स्वच्छ मातीच्या किती टक्के आलं ते काढायचं आणि सगळ्यांची सरासरी घ्यायची. याला ते मातीच्या जैविक स्थितीचा एकत्रित निर्देशांक म्हणतात.

समजा एका डोसला कॅटालेज ८० टक्के, डिहायड्रोजनेज ६०, जिवाणू ११०, अ‍ॅझोटोबॅक्टर ५० आणि मुळं ७० आली. सरासरी ७४. म्हणजे निर्देशांक २६ टक्क्यांनी घसरला.

घसरण किती झाली की काय बिघडतं, याच्या त्यांनी पायऱ्या लावल्या आहेत. ५ टक्क्यांच्या आत असेल तर माती आपलं काम नीट करतेय. ५ ते १० मध्ये मातीची माहिती सांभाळण्याची कामं बिघडायला लागतात. बीज कधी रुजावं, कोणता जीव कधी वाढावा याचे संकेत माती देते, ती ही कामं. १० ते २५ मध्ये रासायनिक आणि जैवरासायनिक कामं बिघडतात, म्हणजे अन्नद्रव्यांचा फेरा, कुजणं, सुपीकता. २५ च्या पुढे मातीची घडणच ढासळते. मर्यादा म्हणून ते १० टक्के घसरणीला असलेला तेलाचा डोस धरतात, कारण त्यापुढे सुपीकता जायला लागते.

म्हणजे काका, शेवटी हातात मिलिग्रॅममधला आकडाच येतो. फक्त तो त्या त्या मातीतून आलेला असतो, त्यामुळे वकिलाने विचारलं तर 'कुठून आणला' याचं उत्तर असतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्यांच्याकडची चेर्नोझेम मातीही काळी आणि आपली रेगूर मातीही काळी, म्हणून त्यांचा आकडा उचलून इथे लावू नका. तिचा काळेपणा ह्युमसचा, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांचा आहे. आपल्या मातीत ह्युमस थोडं, आणि ते चिकणकणांना घट्ट चिकटलेलं. रंगावरून कस ठरवायला गेलं तर फसगत होते.

गॅरेजवाला_नाना
मी तीस वर्षं गॅरेज चालवतोय, आधी नाना पेठेत, आता भोसरीत. जे आहे ते लिहितो.

आमच्या उमेदवारीच्या काळात जळकं ऑइल म्हणजे कचरा असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. ड्रेन नट काढायचा, खाली डबा असला तर असला. डब्यातलं ऑइल सेंट्रिंगवाले प्लेटला लावायला न्यायचे, कोणी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून न्यायचे, उरलेलं धूळ बसावी म्हणून अंगणातच टाकायचं. मी स्वतः टाकलंय. मिस्त्री म्हणायचे, तेल जमिनीतूनच आलं, जमिनीतच गेलं.

आता पिंपात साठवून नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्यालाच देतो, पावती घेतो. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलंय हे फार उशिरा कळलं. पण अजूनही आसपासच्या दहा जणांत पाच जण गटारातच सोडतात आणि ते पाणी शेवटी नदीलाच जाऊन मिळतं.

सायलीताई, एक विचारायचं होतं. नवीन ऑइल आणि जळकं ऑइल, मातीला दोन्ही सारखंच का? आमचा अंदाज आहे की जळकं जास्त वाईट.

सायली_मृदा
नाना, तुमचा अंदाज बरोबर आहे. इंजिनाच्या उष्णतेत तेलात बहुवलयी हायड्रोकार्बन साठत जातात, त्यातले काही कर्करोगाला कारणीभूत आहेत. शिवाय इंजिनाची झीज होऊन आलेले धातू आणि तेलात आधीपासून घातलेलं जस्त. टीपीएचच्या एका आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. डिझेल सांडलं तर त्यातलं हलकं काही दिवसांत उडून जातं, पण ताजं असताना ते कमी प्रमाणातही मुळांना जाळतं. जुनं जड तेल मातीला घट्ट धरून बसलेलं असतं, आकडा मोठा आणि झळ त्या मानाने कमी. एकाच ३,४०० ची ही दोन टोकं. म्हणून जिवांना विचारायचं.

रेगूर
राहवलं नाही म्हणून घरी एक प्रयोग केला. सायलीताईंनी निरोपात सांगितलं की अळीव ही जगभर मातीच्या विषारीपणाच्या चाचणीत वापरली जाणारी वनस्पती आहे, तीन दिवसांत निकाल देते. लाडवांसाठी आणलेला अळीव घरात होताच. आई म्हणाली, बाळंतिणीचा खाऊ मातीला देताय होय.

कोपऱ्यातली माती आणि बांधाकडची स्वच्छ माती, दोन्ही वाळवून चाळून घेतली. पाच डब्या. एकीत फक्त स्वच्छ, मग आठवा हिस्सा खराब, पाव हिस्सा, निम्मी आणि शेवटी पूर्ण खराब. माती सपाट थापून ओली केली, वर फिल्टर पेपर, त्यावर वीस-वीस बिया ओळीने. भिजल्यावर अळीव असा बुळबुळीत होतो की चिमट्याने सरकवावा लागतो. डब्या कपाटात अंधारात ठेवल्या. पूर्ण खराब मातीच्या डबीत पाणी जिरेना, ते पेपरच्या कडेने गोळा झालं. तिथे थेंबथेंब घालून वाट बघावी लागली.

तिसऱ्या दिवशी पेपर अलगद काढून मुळं पट्टीने मोजली. एकेक मूळ सरळ करताना श्वास रोखला जात होता. स्वच्छ मातीत १९ बिया उगवल्या, पूर्ण खराब मातीत १७. नुसती उगवण बघितली असती तर 'फरक नाही' म्हणालो असतो. पण मुळांची सरासरी लांबी निम्म्यावर आली होती आणि टोकं तपकिरी, वळलेली. निम्म्या मिश्रणात एक तृतीयांश कमी. पाव हिश्श्यात पाचव्या हिश्श्याने कमी. आठव्या हिश्श्यात माझ्या पट्टीला तरी फरक दिसला नाही.

३,४०० चा पाव म्हणजे ८५०, आठवा म्हणजे ४२५. म्हणजे १० टक्क्यांची घसरण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असावी? बाबांना डब्या दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून दोन टोकांच्या डब्या बराच वेळ शेजारी धरल्या होत्या.

सायली_मृदा
दादा, फार छान. तरी हे एका वनस्पतीचं आणि एका वेळचं उत्तर आहे, त्यावर मर्यादा ठरवू नका. प्रत्येक मिश्रणाच्या निदान तीन डब्या करा. अळिवाबरोबर मोहरी आणि ज्वारीही लावा, त्या चाचणीत हीच तीन रोपं वापरतात आणि ज्वारी तर तुमच्या बाबांचंच पीक. मुळं निम्मी आणि उगवण जवळपास तेवढीच, हे नेहमीचं आहे. बी आपल्या शिदोरीवर उगवतं, मुळाला मात्र मातीकडून घ्यावं लागतं.

टेकडीकर
मागची शंका मागे घेतो, नवी विचारतो. त्या यादीत जिवाणूंची संख्या ११० टक्के लिहिली आहे. तेल पडून जिवाणू वाढले तर ती चांगलीच गोष्ट ना?

मातीतला_जीव
टेकडीकर काका, यातच भले भले फसतात. (मी सूक्ष्मजीवशास्त्रातला, सध्या गांडुळांवर काम करतो.) तेल पडलं की तेल खाणारे मोजके जिवाणू भराभर वाढतात. गावात कारखाना आला आणि लोकसंख्या वाढली, पण सुतार, कुंभार, सुईण सगळे निघून गेले, तसं. तेलात कर्ब भरपूर आणि नत्र जवळजवळ नाहीच, म्हणून हे खाणारे मातीतला नत्र ओढून घेतात. रेगूर यांची मेथी पिवळी पडली त्यात याचा वाटा असणार. तिच्या मुळांवर गाठी धरल्या होत्या का ते पुढच्या वेळी उपटून बघा.

विकरांचंही तसंच. थोड्या तेलाने कॅटालेज कधी कधी वाढतं. डिहायड्रोजनेज जास्त प्रामाणिक, ते जिवंत पेशीतच काम करतं. मातीत टेट्राझोलियमचं रंगहीन द्रावण घालून उबेला ठेवलं की जिवंत माती त्याचं लाल फॉर्मझान करते. मेलेली माती फिकी राहते. दोन नळ्या शेजारी ठेवल्या की काही सांगावं लागत नाही.

कॅटालेज बघायला कोणी हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून फेस बघणार असेल तर एक सावधगिरी. बेसाल्टपासून झालेल्या मातीत मँगनीज असतं, ते जिवाणूंशिवायही फेस आणतं. म्हणून थोडी माती कुकरमध्ये चांगल्या शिट्ट्या देऊन घ्या, तिचा फेस वजा धरा.

आता गांडूळ. सगळ्यात सोपी चाचणी टाळण्याची. डबा मधोमध पुठ्ठ्याने विभागायचा, एका बाजूला स्वच्छ माती, दुसऱ्या बाजूला खराब. पुठ्ठा काढून मधल्या रेषेवर दहा गांडुळं सोडायची, झाकण लावून ४८ तास. मग पुन्हा पुठ्ठा घालून मोजायचं. खराब बाजूला २० टक्क्यांपेक्षा कमी राहिली तर ती माती राहण्याजोगी नाही असं धरतात. मारून बघणाऱ्या चाचणीला १४ दिवस लागतात आणि ती फारच उशिरा बोलते. गांडूळ मरायच्या कितीतरी आधी अंड्यांचे कोष घालणं थांबवतं. पिल्लं मोजायची चाचणी ५६ दिवसांची, पण मर्यादा ठरवायची तर तीच खरी.

खतवाल्यांकडे मिळतं ते आयसेनिया, शेणात रमणारं. शेतातलं आपलं गांडूळ खोल जाणारं आणि जास्त नाजूक असू शकतं. म्हणून आयसेनियाने 'चालेल' म्हटलं तरी हात थोडा आखडताच ठेवावा.

खेडकर
आमची माती बी काळीच. एक गोष्ट कोणी बोललं नाही. उन्हाळ्यात हिला भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जातो. नऊ वर्षं तिथं ऑइल सांडलं म्हणजे नऊ उन्हाळे ते भेगांतून खाली गेलंय. वरच्या वितीतली माती तपासून काय कळणार? एक हात, दोन हात खालची पण बघा, मुरूम लागेपर्यंत. आणि शेजारी विहीर असेल तर तिचं पाणी.

रेगूर
खेडकर, हे डोक्यातच आलं नव्हतं. विहीर चाळीस पावलांवर आहे. सोमवारी पाण्याचा नमुना देतो. कोपऱ्यात कमरेइतका खड्डा घेऊन दर वितीला माती काढतो.

सायली_मृदा
खेडकरांचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. मीही भेगा विसरले होते. आपल्या मातीसाठी मर्यादा काढायची तर डोस नुसता चाळलेल्या मातीत कालवून चालणार नाही, भेगांतून कुठवर जातं तेही धरावं लागेल.

दुरुस्तीबद्दल काही जणांनी निरोपातून विचारलं. तेल खाणारे जिवाणू मातीत असतातच, त्यांना हवा, ओल आणि नत्र-स्फुरद लागतं. कर्ब, नत्र, स्फुरद हे १००, १०, १ च्या आसपास ठेवायचं असा ढोबळ हिशोब आहे. चिखल असताना काळ्या मातीत हवा जात नाही, सुकली की दगड. म्हणजे काम वाफशावरच, पावसाळा ओसरल्यावर. शेणखत घालून दर पंधरवड्याला उलथायची. मोठ्या तेलक्षेत्रांत दिल्लीच्या टेरी संस्थेने तयार केलेलं 'ऑइलझॅपर' हे जिवाणूंचं मिश्रण वापरलं गेलंय. दीड गुंठ्याला इथलेच जिवाणू आधी आजमावून बघा. विहिरीच्या पाण्याचा अहवाल येईपर्यंत मात्र उलथू नका.

आणि शेणखत घातल्यावर टीपीएच केलं तर सावध राहा. शेणखतातले मेणचट पदार्थही त्या मोजणीत येतात. प्रयोगशाळेला सिलिका जेलने गाळून मोजायला सांगा, नाहीतर माती सुधारत असताना आकडा वाढलेला दिसेल.

टेकडीकर
एक भर घालतो. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये आले. संशयित जागा स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने कळवायच्या आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासायच्या अशी त्यात रचना आहे. रेगूर, सगळं तारीखवार वहीत लिहून ठेवा, डब्यांचे फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा. तुमच्या एका कोपऱ्याला कोणी विचारणार नाही कदाचित, पण चाकण ते भोसरी असे पन्नास कोपरे एकाच पद्धतीने मोजलेले असतील तर मंडळाच्या टेबलावर ठेवायला काहीतरी असेल. वही कशी आखायची ते मी करून देतो, तेवढं मला येतं.

गॅरेजवाला_नाना
माझ्या जुन्या गॅरेजची मागची जागा मोजायला द्या. जागामालकाला मी विचारतो. तिथलं ऑइल माझंच आहे.

रेगूर
नाना, येतो. खड्डा आज सकाळी घेतला. वास दोन वितींवर कमी झाला आणि तिसऱ्या वितीला एका भेगेच्या कडेने पुन्हा आला, काळी चकचकीत रेघ, बोट लावलं तर तेल. खेडकर, तुम्ही म्हणालात तसंच.

आता मला स्वच्छ मातीची अडचण आहे. बांधाकडची माती तुलनेला घेतोय, पण नऊ वर्षं ट्रकांची धूळ तिच्यावरही बसलीय, ती खरोखर स्वच्छ आहे का याची मला खात्री नाही. मोई, निघोजे, कुरुळी या पट्ट्यात कोणाकडे अशी काळी जमीन आहे का जिथे कधी गाडी उभी राहिली नाही? दोन घमेली पुरतील. रविवारी सकाळी मी आणि बाबा स्वतः येऊन घेऊन जाऊ.

खेडकर
कुरुळीला माझ्या मावशीचं वावर हाय, बैलावरच करती अजून. आठला या. घमेली आणू नका, आमच्याकडं हायेत.